कडेची खडी

६ जानेवारी

आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. आपल्या घरचा फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवलेला असतो, मी तुझ्याशी बोलायला लागले की मागून बाबा खाकरतात, आणि मला जे बोलायचंय ते बाबांबद्दलच आहे.

त्यांनी बसची नोकरी सोडली त्याला वर्ष होत आलं. पाठ धरते म्हणून वेळेआधी सोडली, असं ते सांगतात. तेव्हापासून ते घराबाहेर पडलेत का गं? मी विचारलं की एकेक थांबा पुकारल्यासारखी उत्तरं येतात. जेवलात? हो. फिरायला गेलात? उद्या. मोतीबिंदूचं काय? पिकू दे. ज्या माणसानं तीस वर्षं शहराभोवती गोल फेऱ्या मारल्या, बसला कधी ओरखडा येऊ दिला नाही, तो असा बसून राहिला तर खुर्चीचाच होऊन जाईल. मला झोप लागत नाही असं लिहिणार होते, पण तू म्हणशील नाटकं करतेस. लागते झोप. पण जाग आली की पहिला विचार त्यांचाच येतो.

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई मला मेसेज करतात. त्या म्हणाल्या, शिलाई मशीनं दुरुस्त करता करता तू कुणीतरी टाकून दिलेली सायकलही दुरुस्त केलीस, आणि आता तुम्ही दोघी सुट्टीच्या सकाळी गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यांवर भटकता. मला एवढा आनंद झाला की ऑफिसात टेबलावर हात आपटला. बाबांना ने ना बरोबर. भर रस्त्यावर ते सायकल चालवणार नाहीत, मोटारवाल्यांना शिव्या देतील आणि परत येतील. पण मोटारी नसलेल्या वाटा मिळाल्या तर?

वाटा मी शोधते. इथे दिवसभर मी मोटारींसाठीच रस्ते आखते, तेव्हा मोटारी कुठे जात नाहीत हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? सोबत नकाशा आहे. लाल पेन्सिलीच्या तीन रेघा बघ. वरून काढलेल्या फोटोंवरून शोधल्यात, अगदी बघत राहाव्यात अशा आहेत.

त्यांना घराबाहेर काढ, आत्या. बाकी काही मागत नाही.

तुझी भाची


१९ जानेवारी

शहाणे,

पत्र मिळालं, नकाशा मिळाला, आणि उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते या वयात नीट कळलं.

तुझी पहिली रेघ वीटभट्टीच्या मागच्या भिंतीत संपते. भिंतीच्या अलीकडे एक कुत्रा राहतो. अख्ख्या वॉर्डाला सुया टोचणाऱ्या नर्सबाई त्या भिंतीवर कशा चढल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. दुसरी रेघ म्हणजे नुसती माती. चाक रुतलं म्हणून उतरले, तर बूटही रुतला. सायकल एका हातात आणि चिखलानं भरलेला बूट दुसऱ्या हातात अशी मी घरी आले. दादानं दार उघडलं आणि विचारलं, एकाच बुटाचा आवाज का येतोय.

पण तिसरी! तिसरीसाठी तुझे सगळे गुन्हे माफ. आपल्या मागच्या बोळातून, जिथे हातगाडीसुद्धा तिरकी करावी लागते, सरळ गेलं की कालव्याचं फाटक. फाटकात मधोमध लोखंडी खांब रोवलाय, त्यामुळे मोटार शिरूच शकत नाही. आत एका अंगाला पाणी, त्याला कमरेइतका कठडा, दुसऱ्या अंगाला झाडं आणि मध्ये खडीचा रस्ता. पूर्वी कालव्याच्या लोकांच्या गाड्या जायच्या, त्यांच्या चाकोऱ्या पडल्यात. चाकोरीत चाक कुजबुजतं. जरा कडेला गेलं की सुटी खडी कडकड बोलते. मी त्या रस्त्यानं दोनदा गेले, नुसती ऐकायला.

आता माझ्या अटी ऐकून ठेव. माती नको, डांबर नको, खडीच हवी, आणि ती बोलणारी हवी. मी मशीनवाली बाई, आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखते, मला मुक्या रस्त्यावर करमत नाही असं समज. मोटार एकही नको. एखादीच येते, सावकाश येते, असलं काही मला चालणार नाही. आणि वाट घरून निघून, गोल फिरून, घरी यायला हवी. अरुंद जागेत मागे वळायची कसरत नको.

घोडं अडतं ते मोठ्या रस्त्यापाशी. कालवा तिथे जमिनीखाली पाइपात शिरतो आणि वाट संपते. पलीकडे तलाव दिसतो, तलावाच्या बांधावरची खडी दिसते, पण मध्ये सहा पदरी गाड्यांचा लोंढा. तुमच्यासारख्यांनीच बांधलाय तो, तेव्हा आता तूच निस्तर.

राहिला दादा. मी विचारलं, येतोस का. म्हणाला, तीस वर्षं बस चालवली, आता सायकलवर बसून लोकांची करमणूक करू? मी पुढे बोलले नाही. घाई केली की धागा तुटतो. त्याला माझ्यावर सोड. फोनवर मात्र यातलं अवाक्षर काढू नकोस, त्याचे कान हल्ली फार तिखट झालेत.

आत्या


२ फेब्रुवारी

आत्या,

सापडलं.

तो मोठा रस्ता आमच्याच ऑफिसनं आखला होता, मी इथे लागायच्या आधी. त्याची मूळ रेखाचित्रं कपाटातून काढली. तलावाच्या बाजूला, जिथे रस्ता भरावावर चढतो, तिथे खाली एक मोरी आहे. माणसांना आणि गुरांना पलीकडे जाता यावं म्हणून असे रस्ते बांधताना मोऱ्या ठेवतात. मग रस्ता सुरू होतो, गाड्या धावायला लागतात आणि मोरी सगळे विसरून जातात. तुझं डोकं लागणार नाही एवढी उंच आहे, नर्सबाईंना थोडं वाकावं लागेल. कालवा संपतो तिथून डावीकडे जा आणि झुडपांत शोध. फोटोत नुसतं हिरवं दिसतं, पण कागदावर आहे म्हणजे असणारच.

पलीकडे गेलीस की नव्या नकाशावरची निळी रेघ धर. आधी तलावाचा बांध, मग बंद पडलेल्या खाणीचा रस्ता, मग रूळ उखडलेल्या रेल्वेची जागा, आणि ती येते थेट आपल्या बोळाच्या दुसऱ्या तोंडाशी. झाली तुझी गोल वाट.

खडीच्या अटीचं मात्र हसू आलं. सगळं जग गुळगुळीत रस्ता मागतं म्हणून माझं पोट भरतं, आणि तू खडखडाट मागतेस. हट्ट कर, पण कंबर सांभाळ. टायर जाड घाल आणि हवा थोडी कमी ठेव, हादरे बसणार नाहीत. कंबर दुखली तरी तू सांगणार नाहीस हे मला माहीत आहे. आपल्या घराण्यात कुणीच काही सांगत नाही.

बाबा निघाले का? नुसतं हो किंवा नाही लिही.

तुझी भाची


२५ फेब्रुवारी

शहाणे,

हो.

आता सविस्तर. मोरी आहे. झुडपं तोडायला आम्ही दोघी पुरलो, पण आतला गाळ बघून नर्सबाईंनी हॉस्पिटलातल्या आणखी दोघींना धरून आणलं. घमेली भरभरून गाळ काढला. डोक्यावरून ट्रक धडधडत होते आणि त्यांना पत्ताही नव्हता की खाली चार बायका काळ्या तोंडानं हसतायत. पलीकडचं तोंड मोकळं झालं आणि तलावावरचा वारा आत आला तेव्हा मी नर्सबाईंना मिठी मारली. आता दोघींच्या कपड्यांवरचे डाग निघत नाहीत.

दादाचं असं झालं. एका सकाळी मी त्याला म्हटलं, माझी सायकल कुठेतरी आवाज करते आणि मला तो सापडत नाही. जरा फाटकापर्यंत येऊन ऐकतोस का? मशीनवालीला आवाज सापडत नाही म्हटल्यावर तो लगेच उठला. बोळातून चालत गेलो, त्याला फाटकापाशी दगडावर बसवलं आणि मी कालव्याच्या रस्त्यानं दूरवर जाऊन परत आले. तो म्हणाला, "सायकल ठणठणीत आहे. तू मात्र जाताना उजव्या कडेला भरकटलीस, मग चाकोरीत आलीस, आणि येताना एकदा उगाच थांबलीस." सगळं खरं होतं. मग म्हणाला, "आण ती इकडे."

बसला, हलला, डुगडुगला, आणि चालवायला लागला. मी मागून अक्षरशः पळत होते.

त्यानंतर जुनी सायकल त्याला दिली आणि मी नर्सबाईंच्या भावाची आणली. दादानं मला कंडक्टर करून टाकलंय. तो पुढे, मी मागे. मी एक घंटा वाजवली की थांबायचं, दोन वाजवल्या की निघायचं. दोन घंटा झाल्याशिवाय साहेब पॅडलवर पाय ठेवत नाहीत. मागच्या सुट्टीला पूर्ण गोल झाला. मोरीत शिरल्यावर त्यानं शीळ घातली, ती दोन्ही भिंतींना आपटून परत आली, मग बाहेर पडेपर्यंत घालतच राहिला. घरी आल्यावर त्यानं आपली खुर्ची भिंतीकडून खिडकीकडे फिरवली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

तक्रार एकच, खाणीचा रस्ता. तिथली खडी म्हणजे धोंडेच. तिथून गेलं की दात मोजून परत तोंडात बसवावे लागतात. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, मला त्या वीटभट्टीची आठवण येते, कुत्र्यासकट.

आणि ऐक. पंधरा एप्रिल ही त्यानं पहिल्यांदा बस बाहेर काढली ती तारीख. त्या दिवशी पूर्ण फेरी तो एकटा करणार आहे. मी मागे नको, कुणी नको. तू म्हणशील, यात एवढं काय? आहे. फार मोठं आहे. का, ते आत्ता विचारू नकोस. माझ्या भावाचा मला अभिमान वाटतो एवढं लिहून ठेवते.

आत्या


१० मार्च

आत्या,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि नाक शिंकरायला जिन्यात जावं लागलं. खुर्ची फिरवली ते वाचून तर पुढचं वाचताच येईना. तू काय केलंस हे तुला माहीत नाही.

आता माझी पाळी. मलाही त्या पंधरा तारखेला काहीतरी हातभार लावायचा होता, आणि तूच वाट दाखवलीस. कॉलेजात माझ्या बाकावर बसणारा एकजण आता तुमच्याकडे कालव्याच्या खात्यात इंजिनियर आहे. खाणीचा रस्ता त्यांच्याच ताब्यात आहे, दुरुस्तीच्या यादीत कधीपासून पडला होता. मी त्याच्या मागे लागले. तो म्हणाला, रोलर जवळच आहे, करून टाकतो. खाणीच्या तोंडापासून रुळांच्या जागेपर्यंत आता सगळं डांबर, वरून दगडाची बारीक कच, रोलर फिरवून अगदी हात फिरवावा असं. मोटारी शिरू नयेत म्हणून दोन्ही टोकांना खांबही रोवून घेतलेत, तुझी अट विसरले नाही.

हे पत्र तुला मिळेपर्यंत काम झालेलं असेल. बाबांना आधी सांगू नकोस. खडखडाटातून एकदम गालिच्यावर आल्यासारखं वाटू दे त्यांना. ही माझी त्यांच्या एकट्या फेरीसाठी भेट. तुझे दातही जागच्या जागी राहतील.

मी फार खूश आहे, आत्या. एवढ्या लांबून आपल्या माणसाच्या चाकाखाली काहीतरी घालता आलं.

तुझी भाची


२१ मार्च

बाळ,

आधी हे वाच. दादा पडला, पण हाडं शाबूत आहेत. मनगट मुरगळलंय, गुडघा सोलवटलाय, नर्सबाईंनी पट्टी बांधलीय. जेवतो, झोपतो. आता पुढचं नीट बसून वाच.

तुझं पत्र काल आलं. आम्ही त्याआधीच त्या रस्त्यानं गेलो होतो. नेहमीसारखा तो पुढे, मी मागे. खाणीच्या तोंडाशी काळा, नवाकोरा रस्ता दिसला आणि मला बरंच वाटलं. माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. खडीचा आवाज एकदम बंद झाला. रस्ता जिथे डावीकडे वळतो तिथे दादा वळला नाही. मी घंटा वाजवली, ओरडले, तोवर तो सायकलसकट चरात गेला होता.

त्याला मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकावी म्हणून रोज थेंब घालतो. समोरचं थोडं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. बाजूचं काही म्हणजे काही दिसत नाही. रस्त्याच्या कडा त्याला दिसत नाहीत, तो त्या ऐकतो. चाकोरीत चाक हलकं बोलतं, कडेला गेलं की मोठ्यानं बोलतं, आणि तो हँडल सावरतो. म्हणून खडी हवी होती. बाजूनं येणारी मोटार त्याला दिसणार नाही, म्हणून मोटार नको होती. माझी कंबर तुझ्यापेक्षा बरी आहे.

बसही त्यानं पाठीसाठी सोडली नाही. एका संध्याकाळी बाजूनं आलेला सायकलवाला त्याला दिसला नाही. केसभर अंतरानं वाचला, कुणाला खरचटलंही नाही, कुणी तक्रारही केली नाही. दादानं फेरी पुरी केली, बस डेपोत लावली, आपलं लायसन्स साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि चालत घरी आला. कुणी मागितलं नव्हतं ते. तुझा बाप कोण आहे हे तुला माहीत असावं, म्हणून लिहिते.

तुला सांगायचं नाही असं त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. तुला नुकतंच पुलाचं काम मिळालं होतं. कळलं असतं तर तू सगळं टाकून बॅग भरून आली असतीस. नाही म्हणू नकोस.

तुझ्यावर तो जराही रागावलेला नाही. म्हणाला, "पोरीनं रस्ता चांगलाच केलाय. मला चांगल्या रस्त्याचा उपयोग नाही, हे तिला कुठून कळणार?" आणि खुर्ची परत भिंतीकडे फिरवली. पंधरा तारखेचं नाव काढत नाही. मी सायकलला तेल घातलं तर म्हणाला, विकून टाक.

करायला गेलीस एक आणि झालं भलतंच, पण चूक तुझी नाही. चूक माझ्या तोंडाला लावलेल्या कुलपाची. ते आज मी तोडलं. त्याला काय वाटायचं ते वाटू दे.

आत्या


२६ मार्च

आत्या,

रडून झालं. तुम्हा दोघांवर रागावूनही झालं. बॅग भरली होती, मग रिकामी केली. मी तिथे येऊन बाबांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकल्यानं कुणाचं भलं होणार आहे?

सगळ्यात जास्त राग मला माझाच येतोय. मोठ्या रस्त्यांच्या कडेला आम्ही मुद्दाम खरखरीत पट्टा ठेवतो. ड्रायव्हरला डुलकी लागून चाक त्यावर गेलं की गाडी गुरगुरते आणि तो जागा होतो. कड ऐकू येते, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. तू चार वेळा खडी, खडी म्हणालीस आणि मी तुला जाड टायर सुचवले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

आता कामाचं. डांबर उखडायचं नाही. मधला भाग गुळगुळीत राहू दे, तो मुका आहे तर मुका बरा, म्हणजे कडेचा आवाज चटकन कळेल. दोन्ही बाजूंना हातभर रुंद खडीची साइडपट्टी टाकायची. वळणाच्या थोडं आधी एक आडवा पट्टा, म्हणजे वळण येतंय हे आधी समजेल. माझ्या मित्राला सगळं खरं सांगितलं. त्याला इतकं वाईट वाटलंय की तो स्वतः फावडं घेऊन उभा राहील.

पण कुठल्या मापाची खडी नीट बोलते, हे मला कागदावर ठरवता येत नाही. फार बारीक असली तर ऐकू येणार नाही, फार जाड असली तर चाक घसरेल. ते बाबांनी ठरवायचं. मित्र तीन मापांची खडी आणून पसरेल, तू तिच्यावरून सायकल ने, बाबा ऐकतील. त्यांना सांग, मला सगळं कळलंय, आणि मला त्यांचा सल्ला हवाय. दया वगैरे काही नाही. माझ्या पुलाच्या एका अंगाला चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वाट आहे, तिच्या कडाही मी अशाच करायचं ठरवलंय. ते साहेबांना पटवायला मला ज्याला रस्ता ऐकू येतो असा माणूस हवा आहे. असा मला एकच माहीत आहे.

हवं तर हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. अळीमिळी गुपचिळी आता पुरे.

तुझी भाची


१८ एप्रिल

शहाणे,

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. कुलूप तोडल्याबद्दल तो माझ्याशी दिवसभर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाला, तिचं काम अडलंय म्हणतेस? मी म्हटलं, अडलंय. म्हणाला, मग चल.

तुझा मित्र भला माणूस आहे, पण त्याचं त्या दिवशी काही खरं नव्हतं. दादा वळणापाशी खुर्चीत बसला, हात गळ्यात बांधलेला, आणि आम्हा दोघांना त्यानं राबवून घेतलं. पहिल्या खडीला म्हणाला, ही पुटपुटते. तिसरीला म्हणाला, ही भांडते. मधली मला सावकाश चालवायला लावली, मग जोरात, मग पाणी शिंपडून, मग टायरमधली हवा कमी करून. मग म्हणाला, "ही बोलते. हीच टाका." आडवा पट्टा तुझ्या मित्रानं जिथे आखला होता तिथून त्यानं मागे घ्यायला लावला. कारण विचारलं तर म्हणाला, ब्रेक दाबायला माणसाला वेळ लागतो, ऐकायला नाही. तुझ्या मित्रानं मुकाट्यानं आखणी बदलली. पट्ट्या टाकून झाल्या त्या दिवशी दादा नुसता चालत त्यांच्यावरून गेला आणि आला. मनगट बरं झाल्यावर सायकलवरून, मी मागे. एकदाही कडेबाहेर गेला नाही.

पंधरा तारखेला सकाळी फाटकापाशी त्यानं सायकल उभी केली आणि म्हणाला, दे. मी दोन घंटा वाजवल्या. तो गेला. झाडांच्या पलीकडे जाईपर्यंत मला त्याच्या चाकांचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

घरी येऊन मी एक मशीन खोलून बसले. ते परत जोडलं तर एक स्क्रू उरला. पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं, आता दोन उरले. यायची वेळ झाली, टळली. नर्सबाई खाली आल्या आणि स्टुलावर बसल्या. बाळ, खरं सांगते. मला वाटलं, आपण त्याला सायकलवर बसवायला नको होतं.

आणि बोळात चाकांचा आवाज आला. एका सायकलचा नाही, खूप सायकलींचा. मी दारात धावले. पुढे दादा, ताठ बसलेला, आणि त्याच्या मागे एका ओळीत सात-आठ तरुण मुलंमुली, हेल्मेटवाली, भारी भारी सायकलींवर, अंगभर धूळ. खडीच्या वाटा शोधायला आली होती, मोठ्या रस्त्यापलीकडे जायची वाट सापडेना म्हणून झुडपांत भरकटली होती. दादानं त्यांना म्हटलं होतं, माझ्या मागे या, अंतर ठेवा. आणि तलाव, खाण, रूळ, सगळं फिरवून घरापर्यंत आणलं. दारात त्यानं हात वर केला तशी ती सगळी जागच्या जागी थांबली.

त्यातला एकजण मला म्हणाला, काका तर डोळे मिटूनसुद्धा चालवतील. दादा म्हणाला, "जवळजवळ तसंच चालवतो." सगळी हसली. कुणाला काही कळलं नाही आणि आम्ही कुणी सांगितलं नाही. मग तो माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "उशीर झाला. प्रवासी होते."

त्याच्यासमोर मी रडले नाही. आत जाऊन रडले, नर्सबाई तिथे आधीच होत्या.

सोबत त्याचं पत्र आहे. ओळ चुकू नये म्हणून मी पुठ्ठ्याची पट्टी धरली होती, पण वाचलं नाही. मान वळवून बसायला लावलं त्यानं.

आत्या


१८ एप्रिल

पोरी,

जाड पेनानं लिहितोय, एका पानावर चारच ओळी मावतात. म्हणून थोडक्यात.

मोतीबिंदू नाही. मी खोटं बोललो. तू काम सोडशील ही भीती होती. तू सोडलं नाहीस, बरं केलंस.

तुझ्या रस्त्यावरून गेलो. मधून शांत जातो, आणि मी कडेला गेलो की मला हाक मारतो. बस चालवत होतो तेव्हा एवढी काळजी कुठल्या रस्त्यानं घेतली नव्हती.

पुलासाठी तुझ्या साहेबांना माझ्याशी बोलायचं असेल तर सकाळी फोन करायला सांग. दुपारी मी फेरीवर असतो.

त्या मुलांनी विचारलं, हा रस्ता असा कुणी केला. मी सांगितलं, माझ्या मुलीनं. त्यांना ऐकू गेलं होतं, तरी परत एकदा सांगितलं.

पूल पुरा कर, मग ये. तुझ्यासाठी सायकल बघून ठेवली आहे, हवाही भरून ठेवीन. मी पुढे, तू मागे. तू दोन घंटा वाजवल्याशिवाय मी निघणार नाही.

बाबा